कोकण आटोपणाऱ्या जावईबापूंस

श्री. रा. रा. जावईबापू यांस,

यवतमाळहून आपल्या सासऱ्याचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

नाताळच्या सुट्टीत आपण आम्हा म्हातारा-म्हातारीला स्वतःच्या गाडीतून कोकण दाखवलंत, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. समक्ष मानले असते, पण आपण थांबत नाही. फोनवर मानावेत तर आपण "बोला, बोला" म्हणता आणि बोलायला लागलो की ठेवता. म्हणून हे उघड पत्र. छापून आलेलं असल्यामुळे आपण नाही तरी दुसरं कुणीतरी शेवटपर्यंत वाचेल.

निघण्याआधी आपण म्हणाला होतात, "बाबा, एकदम निवांत ट्रिप आहे." आम्ही भाबडे. आपल्या सासूबाईंनी वाटेत खायला चिवडा-शंकरपाळ्यांचे डबे भरले, मी जुना नकाशा काढला. दारव्ह्यावरून कारंज्याला समृद्धी महामार्गाला लागलो तेव्हा आपल्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते लग्नाच्या मांडवातसुद्धा नव्हतं. ताशी १२० ची मर्यादा तिथं पाटीवर लिहिलेली आहे. ती आपण किमान मर्यादा म्हणून वाचलीत, हा आपला मोठेपणा.

एक खासगी गोष्ट सांगतो. नोकरीभर मी मुलांना भूगोल शिकवला. फळ्यावर कोकणचा किनारा काढायचा आणि उत्तरेकडून खाड्या भरत यायच्या: धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, थेट तेरेखोलपर्यंत. समुद्र मी मुंबईच्या चौपाटीवर पाहिला होता. खाडी मात्र खडूच्या रेघेपलीकडे कधी पाहिली नव्हती. आपण गाडी काढलीत तेव्हा वाटलं, आता फळा पुरा होणार. आपल्या कृपेनं तो पुसला गेला.

पहिले आभार जंजिऱ्याचे. राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होड्यांसाठी रांग होती. सिद्दीचा तो किल्ला शिवाजी महाराजांच्या काळात हाती लागला नाही. त्याच्यावर नजर ठेवायला महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव घालून तिथवर पोचायचा घाट घातला होता, तरी जंजिरा अजिंक्यच राहिला. आपण मात्र गाडीतून न उतरता, काच खाली करून, मोबाइल झूम करून तो घेतलात. "झाला कव्हर," म्हणालात. इतिहासकारांनी दखल घ्यावी.

आगरदांड्याला फेरीबोट, म्हणजे तिकडची जंगलजेटी, नेमकी धक्क्याला लागलेली होती, म्हणून आपला नाइलाज झाला. गाडी बोटीवर चढली. राजपुरीच्या खाडीवर वारा सुटला होता आणि बाकीचे लोक कठड्याला टेकून उभे होते. आपण आम्हाला आतच बसवून ठेवलंत, कारण एसी चालू होता आणि "उतरण्या-चढण्यात टाइम जातो." आपल्या सासूबाईंनी काचेला नाक लावून विचारलं, "अहो, हे पानी खारं आहे का गोडं?" आपण म्हणालात, गूगल करून सांगतो. त्याबद्दलही आभारी आहोत. अजून वाट पाहतो आहोत.

आता बागमांडला. हरिहरेश्वराहून आलो तर बोट नुकतीच सुटलेली, अजून दिसत होती. पुढची बोट तासाभरात. समोर बाणकोटची खाडी होती, म्हणजे सावित्री नदीचं मुख. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, घाट उतरून महाडवरून येते आणि इथं समुद्राला मिळते, हे मी पोरांकडून घोकून घेतलेलं. तिच्या काठी तासभर बसायला मिळणार म्हणून मी चपला काढल्या, तेवढ्यात गाडी वळलीसुद्धा. तासभर वाचवण्यासाठी आपण आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून वळसा घेतलात आणि त्याला तासाहून कितीतरी जास्त वेळ लागला, हे मी तेव्हा बोललो नाही. जावयाला काय बोलायचं असतं का? पलीकडे नाना फडणवीसांचं वेळास होतं, केळशी होती, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती होता. मंडणगडच्या रस्त्याला लागल्यामुळे ते सगळं आपोआप वाचलं.

आपण यवतमाळचे जावई आहात, म्हणून आठवण देतो. या गावाला शकुंतला नावाची नॅरोगेज गाडी होती. कापूस वाहायला घातलेली, मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटर जायला अर्धा दिवस खाणारी. देश स्वतंत्र झाल्यावरसुद्धा तिची मालकी इंग्रज कंपनीकडेच राहिली; निघून जायची घाई त्यांनाही नव्हती. त्या गाडीत बसून आम्ही वऱ्हाड पाहिलं. तेव्हा तासभर बोटीची वाट पाहायची सवय आमच्या रक्तात आहे. ती आमची अडचण, आपला दोष नाही.

हर्णैचे आभार कसे मानू, कळत नाही. संध्याकाळचा मासळीचा लिलाव चालू होता. आणि पाण्यात बैलगाड्या! खरोखरीचे बैल, पोटापर्यंत समुद्रात उभे, होड्यांमधून उतरलेली मासळी वाहून आणायला. ज्या माणसानं आयुष्यभर बैलगाडीत फक्त कापूस आणि तूर पाहिली, त्याला हे बघून काय होतं ते आपल्याला सांगता येणार नाही. मला तरी कुठं कळलं? वास येतो म्हणून आपण काचा चढवल्यात आणि पुढे सुवर्णदुर्ग "दिसला, दिसला" करीत दापोली गाठलीत. सासूबाई तेवढं म्हणाल्या, "जावईबापू, जराशीक थांबजा नं, त्या बैलायची शिंगं तरी पाहू द्या." त्यांचं बोलणं हळू असतं. गाण्यात ऐकू गेलं नसेल.

दाभोळला फेरीबोटीनं वाशिष्ठी ओलांडली की पलीकडे धोपावे आणि मग गुहागर. पण बोट म्हटल्यावर आपला रक्तदाब वाढतो, हे एव्हाना आमच्या लक्षात आलं होतं. म्हणून खेड-चिपळूणमार्गे गेलो आणि गुहागर रद्द झालं. जेवणाच्या बाबतीत आपण आमची फार काळजी घेतलीत. घरगुती खानावळीत मोदक आणि सोलकढी मिळत होती, पण तिथं ऑर्डर दिल्यावर रांधतात. म्हणून आपण पनीर बटर मसाला खाऊ घातलात. यवतमाळच्या बसस्टँडजवळही अगदी तस्साच मिळतो, त्यामुळे घरापासून दूर आल्यासारखं वाटलं नाही.

गणपतीपुळ्याला जाताना वाटेत मालगुंड लागलं. केशवसुतांचं जन्मगाव आणि त्यांचं स्मारक. आपण हॉर्न वाजवलात. त्याला मी अभिवादन समजतो.

मग परतीचा प्रवास. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललं आहे. एवढ्या धीम्या गतीचं काम पाहून आपल्यासारख्या माणसाला क्लेश झाले असतील, तरी आपण त्या सगळ्या वळणरस्त्यांवर गाड्या मागे टाकत टाकत आलात. रायगड वरच्या अंगाला होता, महाडहून फुटायचं होतं. मी अगदी भीत भीत विषय काढला. आपण समजावलंत, "बाबा, १६७४ ला राज्याभिषेक झाला, तेव्हापासून गड तिथंच आहे. कुठं पळून जातो?" गड जात नाही हे खरंच. माझे गुडघे सत्तरीच्या पलीकडे गेले आहेत आणि रोपवेलाही रांग असते, एवढंच.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलो. इथं माझं गमतीचं बोलणं थोडं थांबवतो. चढावरच्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हा घाटातला जुना नियम आहे. आपण चढताना तो वापरलात आणि उतरताना विसरलात. याच घाटात २०१८ च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, बसमधला एकच माणूस वाचला. वळणावर आपण ट्रकला ओलांडत होता तेव्हा आपल्या सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. त्या झोपल्या नव्हत्या.

प्रतापगड खालून पाहिला. महाबळेश्वरला सावित्रीचा उगम पाहायचा होता. मुख राहिलं, निदान उगम तरी. आपण त्या वेळात स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेतल्यात, घासाघीस करून, चांगला पाऊण तास. तेव्हा आपल्याला थांबता येतं, हे आम्हाला प्रथमच कळलं. फार बरं वाटलं. मी एका दगडावर बसलो. तो काळा दगड आपल्याच ओळखीचा: ज्या लाव्ह्यानं सह्याद्री उभा केला, तोच पूर्वेकडे पसरत आपल्या यवतमाळपर्यंत आला आणि त्याचीच झिजून काळी माती झाली. कोट्यवधी वर्षं लागली तिला. हे मी आपल्याला सांगणार होतो. तेवढ्यात हॉर्न वाजला.

घरी आल्यावर आपण नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळे फोटो टाकलेत आणि खाली लिहिलंत: "पूर्ण कोकण, फॅमिलीसोबत, रिलॅक्स." फोटोंत आम्ही दोघं कुठंच नाही. गाडी मात्र फार छान आली आहे, सगळ्या बाजूंनी.

असो. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाचा मान आम्ही चुकवणार नाही. आपल्या सासूबाईंनी तेहेतीस अनारशांचे तांदूळ आतापासूनच भिजवायचं मनावर घेतलं आहे. या, लेकीला घेऊन या. वाढायची पद्धत यंदा तेवढी आपलीच ठेवायचं ठरलं आहे. आपण पाटावर बसाल, ताट आपल्या डोळ्यांसमोरून एकदा नेलं जाईल, मी दुरून मोबाइलवर एक फोटो काढेन, आणि ताट आत जाईल. अनारसे पुढल्या अधिक मासात खा. तीनेक वर्षांत तो पुन्हा येतोच. कुठं पळून जातो?

आपला चरणरज,
सासरा