प्रवेश पालकांचा, हजेरी पाल्याची

बारावीचा पेपर संपला की मुलं मोकळी होतात आणि आईबाप कामाला लागतात. महाराष्ट्रात अभियांत्रिकीचा प्रवेश घेणे हे पालकांचे काम आहे. तिथे चार वर्षे जाऊन बसणे तेवढे पाल्याकडे राहते. ही कामाची विभागणी लक्षात न घेता काही पालक दरवर्षी ऐन वेळी "तुला नक्की काय करायचंय?" असले प्रश्न विचारतात आणि कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, राउंड तोंडावर आलेला असताना घरात नसते विषय काढून बसतात. तसे होऊ नये म्हणून या सूचना.

सुरुवात लॉगिनपासून करावी. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर नोंदणी करताना मोबाइल नंबर वडिलांचा द्यावा, ईमेल वडिलांचा द्यावा आणि पासवर्ड आईला पाठ असावा. तो कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवावा. पाल्याला सांगू नये. तो उगाच लॉगिन करून बघतो आणि "बाबा, हे कॉलेज वर का टाकलंय?" असे विचारतो.

त्यानंतर फाइल. ही चेन असलेली, पारदर्शक प्लास्टिकची घ्यावी, म्हणजे रांगेतल्या इतरांना आपली तयारी दिसते. तीत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल त्याप्रमाणे जात प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, आणि प्रत्येकाच्या झेरॉक्सचे तीन संच असावेत. नॉन-क्रीमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, हे पालकांना साधारणपणे जूनमध्ये कळते. मग सेतू केंद्र, तलाठी, तहसील असा दौरा निघतो. या दौऱ्यात आधारवर 'दत्तात्रय' आणि शाळेच्या दाखल्यावर 'दत्तात्रेय' असल्याचा शोध लागतो. हा एक मात्रेचा फरक दुरुस्त करून आणणाऱ्या बापाला घरात जो मान मिळतो, तो त्याला नोकरीतल्या बढतीनेही मिळालेला नसतो. मूळ कागद लॅमिनेट मात्र करू नयेत. (ही सूचना गंभीर आहे.)

निकाल लागल्यावर पर्सेंटाइल हा प्रकार नातेवाइकांना समजावून सांगण्याची जबाबदारी पालकांवर येते. 87 पर्सेंटाइल ऐकून मामा पेढे मागतो, कारण त्याच्या डोक्यात 87 टक्के असतात. त्याला शांतपणे सांगावे की याचा अर्थ शंभरातले साधारण तेरा जण पुढे आहेत. तो म्हणेल, "तेराच ना?" मग सांगावे की 2025 मध्ये पीसीएम गटाची सीईटी चार लाखांहून अधिक मुलांनी दिली, तेव्हा हे तेरा जण पन्नास हजारांच्या वर जातात. पेढ्यांचा विषय तिथे मिटतो. पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत देतात. सातही आकडे पाठ करावेत. सोसायटीच्या जिन्यात "नव्वदच्या आसपास आहे" असे मोघम बोलणाऱ्या पालकाचा पाल्य 84 वर आहे, हे सर्वांना कळते.

आता मुख्य विषय, ऑप्शन फॉर्म. इथे घाई नको.

कॅपमध्ये प्राधान्यक्रमाने तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. ही सवलत आहे. पालकांनी तिला लक्ष्य समजावे. गेल्या वर्षीच्या कटऑफची शेकडो पानांची पीडीएफ उतरवून घ्यावी, एक्सेलमध्ये तक्ता करावा, त्याला तीन रंग द्यावेत: स्वप्न, शक्यता आणि नाइलाज. महिन्याभराच्या अभ्यासानंतर महाविद्यालयांची नावे घ्यायची गरज उरत नाही. वर्षानुवर्षे सीओईपी म्हणजे 6006 आणि व्हीजेटीआय म्हणजे 3012 असे आकड्यांत बोलणारे पालक मी पाहिले आहेत. 1854 साली सुरू झालेले एक आणि 1887 सालचे दुसरे, अशी दोन जुनी कॉलेजे. पण त्यांच्या इतिहासाशी आपल्याला कर्तव्य नाही. शेवटच्या राउंडला कॉम्प्युटर कितीवर बंद झाले, तेवढे सांगा.

तक्त्यात 'जीओपनएच', 'एलओपनओ', 'जीओपनएस' अशी अक्षरे दिसतील. घाबरू नये. पहिल्या अक्षरातला जी सर्वसाधारण, एल मुलींसाठी. मधला भाग प्रवर्ग. शेवटचे एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. होम युनिव्हर्सिटी कोणती, हे बारावी कुठून झाली त्यावर ठरते. सांगलीहून बारावी केलेल्या मुलाचे घर शिवाजी विद्यापीठ. तो पुण्याच्या कॉलेजात गेला की बाहेरचा. पुणेकरांना हे नियम येण्याच्या आधीपासून ठाऊक होते.

क्रम लावताना एक गैरसमज सगळीकडे आढळतो: वरचे कॉलेज टाकले आणि मिळाले नाही तर खालचे हातचे जाईल, पर्याय 'वाया' जाईल. तसे काही होत नाही. यंत्रणा गुणवत्ता यादीतला एकेक उमेदवार घेते आणि त्याच्या यादीत वरून खाली येत जिथे जागा दिसेल तिथे थांबते. पहिले दहा पर्याय आवाक्याबाहेरचे असले म्हणून अकराव्यावरचा हक्क कमी होत नाही. म्हणजे आवडीच्या क्रमाने यादी लावली की काम झाले. हे इतके सोपे आहे, हे पाल्याला कळू देऊ नये. नाहीतर महिनाभर रात्री दीडपर्यंत लॅपटॉपसमोर बसण्यामागचे आपले कारण त्याला सांगावे लागेल.

धोका दुसरीकडे आहे. 2025 च्या नियमांत चार राउंड होते. पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ. दुसऱ्याला पहिल्या तिनांतला, तिसऱ्याला पहिल्या सहांतला मिळाला तरी तेच. फ्रीझ म्हणजे पुढचे राउंड बंद. तेव्हा काकांच्या आग्रहाखातर, "टाकून तर ठेव, कुठे मिळतंय" म्हणून दुसऱ्या क्रमांकावर टाकलेले कॉलेज दुसऱ्या राउंडला खरेच मिळते आणि पाल्य चार वर्षांसाठी काकांच्या आग्रहात राहायला जातो. काका तोवर आयटीऐवजी एआयच घ्यायला हवे होते, या मतावर आलेले असतात.

काकांचा विषय निघालाच आहे तर सल्लागारांबद्दल. प्रत्येक घराला एक अमेरिकेतला नातेवाईक असतो. तो न्यू जर्सीहून रविवारी सकाळी, म्हणजे आपल्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी, व्हिडिओ कॉल करतो आणि सांगतो की ब्रँच महत्त्वाची नाही, फंडामेंटल्स महत्त्वाचे. तो स्वतः मेकॅनिकल होऊन सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या शेजारी बसवावा असा दुसरा सल्लागार म्हणजे इमारतीतला दुसऱ्या वर्षाचा मुलगा, ज्याला सगळे 'दादा' म्हणतात. त्याला मेस, मास्तर आणि लिफ्ट यांची खरी माहिती असते. म्हणूनच त्याला कुणी फारसे विचारत नाही. तिसरा, पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. यात रात्री अकरानंतर "राउंडची तारीख पुढे गेली म्हणे" असा निरोप येतो आणि सकाळपर्यंत तीनशे पालक जागे असतात. सीईटी कक्षाचे कार्यालय अनेक वर्षे मुंबईत फोर्टमधल्या न्यू एक्सेलसियर सिनेमाच्या इमारतीत आहे. तिकडून रहस्यपट येणार, हे पालकांनी गृहीत धरावे.

मुलगी असेल तर एक चौकशी अवश्य करावी. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आणि कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क राज्य सरकार भरते. "मुलीला गावातच बीएस्सी करू दे, एवढी फी कुठून आणायची" असे म्हणणाऱ्या आजोबांचा मुद्दा त्यामुळे निम्मा पडला. उरलेला निम्मा फीचा नव्हताच, पण त्यावर शासनाने अद्याप निर्णय काढलेला नाही.

पाल्याचे मत घ्यावे का? घ्यावे. त्यासाठी योग्य वेळ फॉर्म कन्फर्म करून प्रिंट काढल्यानंतरची. "बघ, तुला चालेल ना?" असे विचारावे आणि तो मोबाइलवरून मान वर करून "हं" म्हणाला की त्याचा निर्णय झाला असे मानावे. क्वचित एखादी मुलगी "मला मानसशास्त्र करायचंय, फर्ग्युसनला" असे म्हणते. अशा वेळी आवाज चढवू नये. एक्सेलच्या तक्त्यात फर्ग्युसनचा कोड शोधल्यासारखे करावे, सापडत नाही असे सांगावे.

प्रवेशाच्या दिवशी सगळ्या कुटुंबाने जावे. खिडकीवरचा लिपिक पाल्याला नाव विचारेल. उत्तर आईने द्यावे. या गडबडीत रॅगिंगविरोधी हमीपत्र समोर येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनुसार ते विद्यार्थ्याने वेगळे आणि पालकाने वेगळे द्यायचे असते. आपला मुलगा कुणाचा छळ करणार नाही, याची हमी बाप डोळे झाकून देतो. धाकट्या बहिणीची साक्ष काढलेली नसते. त्या कागदाची थट्टा पुरे. राष्ट्रीय हेल्पलाइनचा 1800-180-5522 हा नंबर पाल्याच्या मोबाइलमध्ये त्याच्यासमोर बसून सेव्ह करावा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, हेही त्याला माहीत असू द्यावे.

मग राहण्याची सोय. कॉलेज पुण्यातले असेल आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही की कर्वेनगर, धनकवडी, वडगाव बुद्रुक अशा भागांत कॉट बेसिसची खोली शोधायची. मालकीणबाईंचे नियम दारावर लावलेले असतात. ते वाचून आईला परक्या शहरात पहिल्यांदा बरे वाटते. मेस बघताना पोळी हातात घेऊन बघावी आणि रविवारी संध्याकाळी काय, हे विचारून घ्यावे. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. पाल्य त्या वेळी काय खातो, याची चौकशी करू नये. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, तेव्हा लाडू-चिवड्याचे डबे पोचवायला आईने दर महिन्याला स्वारगेट गाठण्यास आर्थिक अडचण कोणतीच नाही. अडचण पाल्याची. तो डबे उतरवून घ्यायला स्टँडवरच येतो, कारण खोली आईने बघण्याच्या स्थितीत नसते.

यानंतर मुलं फोन करत नाहीत, अशी पालकांची तक्रार सुरू होते. ज्यांनी पहिल्या सूचनेप्रमाणे स्वतःचा मोबाइल नंबर दिला होता, त्यांना ही तक्रार करावी लागत नाही. परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळ्याचे ओटीपी बापाच्या फोनवर येतात. वर्षातून काही वेळा, बहुधा मुदत संपायच्या रात्री, फोन वाजतोच.

"बाबा, ओटीपी आला का?"

"जेवलास का?"

"हो. ओटीपी सांगा ना."

"काय होतं मेसला?"

"भेंडी. बाबा, एक्स्पायर होईल तो."

"तुला भेंडी कुठे आवडते? थांब, चष्मा घेतो. आईशी बोल तोवर."

चष्मा सावकाश शोधावा. पहिला ओटीपी एक्स्पायर झाला तर दुसरा मागवता येतो. त्यात आणखी तीन-चार मिनिटे मिळतात आणि सर्दी झाली आहे की नाही, ते आवाजावरून कळते. नंबर बदलून घेण्याची सोय संकेतस्थळावर असते. ती शोधायला जाऊ नये.

पहिल्या सत्राच्या शेवटाला महाविद्यालयाकडून पत्र येण्याची शक्यता असते. 75 टक्के हजेरी भरली नाही की नाव डिफॉल्टर यादीत लागते आणि पालकांना भेटायला बोलावले जाते. घाबरून न जाता तीच पारदर्शक फाइल घेऊन जावे. मेंटॉर सरांच्या केबिनबाहेर बाकावर आपल्यासारखेच तीन-चार बाप फाइल मांडीवर घेऊन बसलेले असतील. ओळख करून घ्यावी, धाकट्यांच्या सीईटीची चौकशी करावी, यंदा ईअँडटीसी कितीपर्यंत खाली येईल यावर मत द्यावे. आत गेल्यावर सर रजिस्टर उघडून विचारतील, "पाल्याचं डिव्हिजन कोणतं? रोल नंबर?"

अर्ज क्रमांक, गुणवत्ता क्रमांक, चॉइस कोड, सीट टाइप, सातही दशांश आपल्याला तोंडपाठ असतात. डिव्हिजन नसते. ते फाइलमध्येही नसते. मग सरांची परवानगी घेऊन पाल्याला फोन लावावा. त्याने उचलला नाही तर चिडू नये. तो या क्षणी लेक्चरला बसलेला असेल, ही शक्यता अगदीच नाकारता येत नाही. सरांनाही तसे सांगून पाहावे.