दीर्घायुष्याचे रहस्य आणि ते सांगणारे

शंभरी गाठलेल्या व्यक्तीला शाल-श्रीफळ दिल्यावर तिला दीर्घायुष्याचे रहस्य विचारण्याची प्रथा जगभर असून, त्यातून जमलेल्या उत्तरांच्या बळावर आरोग्यविषयक पुस्तकांचे दुकान चालते. मात्र तोच आहार आणि तोच विहार पाळून साठीत निवर्तलेल्यांची साक्ष कोणी काढत नाही. उरलेल्यांवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढण्याचा हा दोष संख्याशास्त्राला जुना परिचित आहे, सत्कार समित्यांना नाही.

दीर्घायुष्याच्या या शास्त्राची सर्वांत मोठी पंचाईत फ्रान्समधील आर्ल येथील जान काल्मां या बाईंनी केली. 1875 साली जन्मलेल्या आणि 1997 साली, 122 वर्षे 164 दिवसांच्या होऊन वारलेल्या या बाई चॉकलेटच्या शौकीन होत्या आणि वयाच्या 117व्या वर्षापर्यंत सिगारेट ओढत होत्या, असे सांगितले जाते. त्यामुळे त्यांचा कित्ता गिरवायचा तर नेमका कशाचा, हा प्रश्न सुटत नाही. 1965 साली त्यांनी आपले घर 'व्हियाजे' पद्धतीने, म्हणजे विकणारा जिवंत असेपर्यंत घेणाऱ्याने दरमहा रक्कम द्यावी आणि विकणाऱ्याच्या मृत्यूनंतर घर ताब्यात घ्यावे अशा कराराने, एका वकिलाला विकले. विकणारी 90 वर्षांची आणि घेणारा 47 वर्षांचा असल्याने व्यवहार सर्व हिशोबांनी चोख होता. परंतु दरमहा 2500 फ्रँक तीस वर्षे भरून 1995 साली वकीलच आधी गेला आणि पुढचे हप्ते त्याच्या विधवेला भरावे लागले. वारलेली व्यक्ती या बाई नसून त्यांच्या नावाने वावरणारी त्यांचीच मुलगी होती, असा दावा पुढे रशियातून झाला. फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञांनी तो फेटाळला, आणि वकिलाच्या कुटुंबाला तर त्याने काहीच फरक पडत नव्हता.

दही खाणारे बल्गेरियन शेतकरी दीर्घायुषी असतात, असा सिद्धांत मांडून स्वतः आंबट दूध नेमाने घेणारे नोबेलविजेते मेचनिकोव्ह 1916 साली 71व्या वर्षी वारले, एवढा उल्लेख ताकाच्या अभिमान्यांसाठी पुरे.

आहारापेक्षा खात्रीचा उपाय दप्तरात सापडतो. टोकियोत 2010 साली 111 वर्षांच्या वृद्धाचे अभिनंदन करायला गेलेल्या अधिकाऱ्यांना असे आढळले की, तो सुमारे तीस वर्षांपूर्वीच मरण पावला असून घरचे लोक निवृत्तिवेतन घेत होते. त्यानंतरच्या तपासणीत शंभरी ओलांडलेल्या, पण प्रत्यक्षात कोठेच न सापडणाऱ्या दोन लाखांहून अधिक व्यक्ती कुटुंब-नोंदणीत निघाल्या. नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्याबद्दल कुरकुरणाऱ्या आपल्याकडील निवृत्तांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

नुसते जगण्याला अर्थ नाही, हे अश्वत्थाम्याच्या कथेने पूर्वीच सांगून ठेवले आहे. सात चिरंजीवांत अग्रस्थान मिळवूनही कपाळावरच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरणे, हे कोणत्याही आशीर्वादात अभिप्रेत नसावे. अमेरिकन वैद्य जेम्स फ्राइज यांनी 1980 साली 'रुग्णतेचे संपीडन' ही कल्पना मांडली, म्हणजे आजारपणाची सुरुवात इतकी लांबवावी की त्याचा काळ आयुष्याच्या शेवटच्या टोकाशी दाबून बसेल. त्यासाठी वैद्य जे सांगतात, ते तंबाखू सोडा, रक्तदाब तपासा, चाला आणि पडू नका इतके नीरस आहे की, सत्काराच्या भाषणात ते कोणी उद्धृत करत नाही.

चालण्याचा विषय निघाला की महाराष्ट्रात 104 वर्षे जगलेल्या धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण निघतेच, आणि त्यावरूनही काही सिद्ध होत नाही; कारण हिंगणे आणि पुणे यांमधले अंतर ते पायी तोडत, ते आयुष्य वाढावे म्हणून नव्हे, तर एका टोकाला आश्रम आणि दुसऱ्या टोकाला फर्ग्युसन महाविद्यालयातला गणिताचा तास होता म्हणून.