सत्तर पानांचा पुडा

एटापल्ली तालुक्यात रॉयल्टी म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नसतो. सत्तर पानांचा एक पुडा, शंभर पुड्यांचा शेकडा आणि शेकड्यावर भाव. तोडणाऱ्याची मजुरी वेगळी, ग्रामसभेची रॉयल्टी वेगळी. पेसा आणि वनहक्क कायदा आल्यापासून अनेक ग्रामसभा आपला पत्ता आपणच विकतात. ठेकेदार येतो, बोली लागते, करारनामा होतो आणि भर सभेत मोठ्याने वाचलाही जातो. मध्येच एखादी म्हातारी उठून विचारते, ‘पाऊस आला आन् पत्ता भिजला, तर पैसे कोन देईल?’ ठेकेदाराचा माणूस घाम पुसतो.

अशा या तालुक्यात मी कथासंग्रह लिहिला.

मी जिल्हा परिषदेचा मास्तर. मास्तराने लिहिणं यात नवल काहीच नाही. महाराष्ट्रात मास्तर लिहीत नसते तर निम्मे दिवाळी अंक कोरे निघाले असते. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली. तेव्हापासून दर जूनमध्ये गावोगावचे मास्तर कथा पाठवतात आणि दर नोव्हेंबरात पोस्टमनकडे संशयाने बघतात. माझ्याही चार-दोन कथा छापून आल्या. मानधन म्हणून अंक आला. एका अंकाने तर मानधनाऐवजी पुढच्या वर्षीच्या वर्गणीत सवलत दिली.

संग्रह तयार झाला तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका प्रकाशकांना फोन लावला. आमच्याकडे फोन लावायचा म्हणजे आधी नेटवर्क कुठे आहे ते शोधायचं. आमच्या घराचं नेटवर्क पाण्याच्या टाकीवर असतं. टाकीवर चढून मी साहित्याची बोलणी केली.

प्रकाशक मोठे गोड बोलले. ‘एटापल्ली? गडचिरोली? वा! म्हणजे जंगल, नक्षलवाद, चकमकी...’

मी म्हटलं, ‘नाही हो. एका शाळेतला चपराशी आहे, त्याच्या प्रॉव्हिडंट फंडाची गोष्ट आहे. खिचडी शिजवणाऱ्या बाईची एक आहे. एक बदलीच्या अर्जाची.’

पलीकडे शांतता. मला वाटलं, नेटवर्क गेलं. तेवढ्यात आवाज आला, ‘एटापल्लीचा लेखक आणि पुस्तकात एकही गोळी सुटत नाही?’

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. आमच्या शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा आहे. तिथल्या लोकबिरादरी प्रकल्पात राहून विलास मनोहरांनी ‘नेगल’ आणि ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ लिहिलं. डॉ. प्रकाश आमट्यांचं ‘प्रकाशवाटा’ समकालीन प्रकाशनाने काढलं, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पण ही माणसं बिबट्यांबरोबर राहिलेली. माझा सहवास केंद्रप्रमुखांचा. वाचकाने तरी काय म्हणून पैसे मोजावेत?

शेवटी पुण्यात एका जागी जमलं. करारनामा आला. चांगला चार पानी, खाली सहीसाठी फुल्या मारलेल्या. वाचून मन भरून आलं. ‘लेखक (यापुढे ‘लेखक’ असा उल्लेख)’ असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तो घेऊन मी ग्रामसभेच्या सचिवाकडे गेलो. माझाच जुना विद्यार्थी. गणितात कच्चा होता, पण ठेकेदारांनी तयार करून घेतला.

त्याने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागला.

‘सर, माल कोनाचा हाये?’

‘माझा.’

‘आन् इथं लिवलं हाये का पाचशे प्रती निघतीन, त्यातल्या दोनशे तुम्हीच इकत घ्याच्या. चाळीस टक्के सूट देऊन. किंमत अडीचशे. म्हंजे दीडशेनं दोनशे. तीस हजार तुमचेच गेले.’

‘त्याला सहकार्य म्हणतात.’

‘असन. उरलेल्या तीनशेवर दहा टक्के रॉयल्टी. पंचवीस रुपये नग. सगळा माल उठला तरी साडेसात हजार.’ त्याने करारनामा उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. ‘म्हंजे सर, बोलीत जिंकूनही तुम्ही साडेबावीस हजारानं खाली. हा ठेकेदार कोन होय? त्याले आपल्या इकडं नोका आनू.’

मी म्हटलं, ‘अरे, माझ्या दोनशे प्रती मी विकल्या तर पन्नास हजार होतात.’

‘इकत कोन घेते?’

यावर आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. मग त्याने चहा मागवला. मी सही केली. तेंदूच्या करारावर सही करताना माणूस शुद्धीवर असतो; आपलं नाव मुखपृष्ठावर येणार म्हटल्यावर कोणीच नसतो. एवढा एक फरक सोडला तर दोन्ही धंदे सारखेच.

प्रकाशकांनी पुढे आयएसबीएनचे वेगळे पैसे लावले. हा तेरा आकडी क्रमांक भारत सरकारची राजा राममोहन राय एजन्सी फुकट देते, हे मला नंतर कळलं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं हेही नंतरच कळलं. नेमकं सांगायचं तर पहिलं पुस्तक छापून आल्यावर. १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या मंडळाची वार्ता टाकीपर्यंत पोचायला वेळ लागणारच.

पुस्तकं आली ती खोक्यांतून. आलापल्लीहून एटापल्लीचा रस्ता म्हणजे सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांचा रस्ता. खोक्यांवर बोटभर तांबडी धूळ बसलेली. उघडलं तर मुखपृष्ठावर शिंगांचा मुकुट घातलेला नर्तक आणि मागे पेटलेलं जंगल. आत चपराशाचा प्रॉव्हिडंट फंड. शिंगांचा मुकुट बस्तरकडचा, पण चित्रकाराला एटापल्लीपासून बस्तर किती लांब ते कोण विचारणार? आमच्या शाळेतल्या माडिया पोरांनी चित्र नीट निरखलं आणि एकाने विचारलं, ‘सर, हे तुम्ही का?’

कागदाला हात लावून बघितला. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या पेपर मिलला जात आला आहे. माझ्या पुस्तकाचा कागद तिथलाच होता की नाही, ते काही मी छातीठोक सांगणार नाही. पण असेल तर इथून गेलेला बांबू पुण्याला जाऊन, अंगावर माझ्या कथा गोंदवून घेऊन, अडीचशे रुपये झाला आणि परत आला. बांबूने कमावलं. मी घालवले.

आता विक्री. ओळखीच्या माणसाकडे पुस्तकाचे पैसे मागता येत नाहीत आणि एटापल्लीत अनोळखी माणूसच नाही. मी प्रत हातात दिली की लोक म्हणत, ‘अरे वा, सर! सही करून द्या.’ सही केली की पुस्तक भेट होतं. सही न करता दिलं तर माणूस रागावतो. मुख्याध्यापकांनी दोन मागितल्या, एक त्यांना, एक मेहुण्याला. बँकेच्या मॅनेजरांनी घेतली आणि कर्जाची फाइल मागवली. निदान तिथे काही हलेल असं वाटलं, तर ती माझीच थकबाकी होती. आमच्या घरातून एकच अभिप्राय आला: ‘अहो, ती खोकी पलंगाखालून काढा, तिथं गव्हाचं पोतं ठेवायचंय.’

वाचनालयांचं बरं असेल असं वाटलं. राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ-ब-क-ड असे वर्ग आहेत, अनुदान आहे. ग्रंथपालांनी पुस्तक हातात घेऊन मोठ्या प्रेमाने विचारलं, ‘शासनमान्य यादीत आहे का?’ नव्हतं. ‘मग भेट द्या.’ दिलं. त्यांनी दाखल नोंदवहीत ‘भेट’ या रकान्यात नोंद केली, आणि माझ्या साहित्याचा सरकारदरबारी प्रवेश झाला. तसा एक वाचक कायद्यानेही मिळतो: १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते. तिथला कोणी मराठी वाचणारा कर्मचारी चपराशाच्या गोष्टीवर हळहळला असेल, या कल्पनेवर मी एक पावसाळा काढला.

मग समीक्षकांना प्रती पाठवल्या. डाक खात्याने मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं आहे, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये. पोस्टातल्या काट्यावर माझं पुस्तक दोनशे दहा ग्रॅम भरलं. माझ्या लेखनाला वजन आहे असं लेखी देणारी ती आजवरची एकमेव संस्था. पुरस्कारांचेही अर्ज आले. ‘राज्यस्तरीय’ असं वर, आणि खाली ‘प्रवेशशुल्क पाचशे रुपये, पुस्तकाच्या तीन प्रती, येण्याजाण्याचा खर्च स्वतः करावा’. एक शाल आणि एक सन्मानचिन्ह मला त्या भावात पडलं. सन्मानचिन्हावर आडनाव चुकलं होतं.

कोणी म्हणालं, ई-बुक काढा. अ‍ॅमेझॉनवर मराठी चालतं, छपाईचा खर्च नाही, रॉयल्टी ३५ टक्के नाहीतर ७० टक्के. सत्तर टक्के ऐकल्यावर सचिवही सावरून बसला. आम्ही दोघं टाकीवर गेलो. फाइल चढायला लागली, निम्म्यात ढग आले आणि खाली उतरावं लागलं. ते पुस्तक मला वाटतं अजून चढतंच आहे.

माझं एकट्याचंच असं आहे म्हणाल, तर तसं नाही. १८७८ साली महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादींनी पुण्यात मराठी ग्रंथकार पहिल्यांदा एकत्र जमवले, ते ग्रंथकारांना उत्तेजन मिळावं म्हणून. त्याचंच पुढे साहित्य संमेलन झालं आणि उत्तेजनाचा विषय अजून पुरता निकालात निघालेला नाही. चंद्रपूरला संमेलन दोनदा भरलं. १९७९ साली वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष होते, २०१२ साली वसंत आबाजी डहाके. दुसऱ्याला मी गेलो होतो. मांडवात जो भेटेल तो पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढून सही करून देत होता. परत येताना एसटीच्या कंडक्टरने मला लगेज लावलं.

या सगळ्या भागात लिहून रोख पैसे मोजून घेणारा एकच लेखक मी पाहिला, आणि त्याचं पुस्तक कुठल्याही वाचनालयात नाही. तो म्हणजे झाडीपट्टीचा नाटककार. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत दिवाळी झाली की मंडई आणि शंकरपटाबरोबर नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि कोंबडं आरवेपर्यंत खाली येत नाही. लोक तिकीट काढून बसतात. नाटकासाठी लेकी माहेरी येतात, पाहुणे उतरतात, सोयरिकी जमतात. वडशाला नाट्यकंपन्यांची दुकानं आहेत, तिथे गावची मंडळं येऊन नाटक ठरवतात. आमच्या परशुराम खुण्यांना याच रंगभूमीसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्यातल्या माझ्या प्रकाशकांनी मात्र झाडीपट्टी हा सागवानाचा प्रकार समजला होता.

एका कंपनीच्या मालकांना मी चपराशाची गोष्ट ऐकवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. मला वाटलं, झोपले.

‘मास्तर, फंड कोनं खाल्ला?’

‘कारकुनाने.’

‘कारकून चालत नाही. सख्खा भाऊ पाहिजे. पयल्या अंकात एक मरन, दुसऱ्यात कोर्ट, तिसऱ्यात माय भेटली पाहिजे. मधामधात कॉमेडी आन् दोन लावन्या. नाव काय म्हनलं?’

‘फंड.’

‘“भावानेच घातला घाव” असं लिवा.’

मी मनात म्हटलं, साहित्याचा खून! पण घरी येऊन भावाला आणलं, तर गोष्ट उठून उभी राहिली. कारकून उगाच मधे लुडबुडत होता.

करारनामा शाळेच्या वहीच्या फाडलेल्या पानावर झाला, दोन ओळींचा. निम्मे आता, निम्मे संक्रांतीनंतर. मालकांनी कमरेच्या पिशवीतून रबर लावलेलं नोटांचं पुडकं काढलं, थुंकी लावून मोजलं आणि माझ्या हातात ठेवलं. मला पावती कशाची द्यायची तेच सुचेना. घरी त्या नोटा दोनदा मोजल्या गेल्या आणि गव्हाच्या पोत्याशेजारच्या खोक्यांकडे एकदा पाहिलं गेलं. सचिवाने ते वहीचं पान वाचलं आणि म्हणाला, ‘सर, याले करारनामा म्हन्तेत.’

प्रयोगाला मी मागे, पेटीवाल्याच्या बाजूला बसलो होतो. प्रॉम्प्टर माझी वाक्यं माझ्यापेक्षा चांगली म्हणत होता. कोर्टाच्या प्रवेशात नायक आपलं भाषण विसरला आणि मागच्या कुठल्यातरी नाटकातलं म्हणाला. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. भाऊ फंडाच्या कागदावर अंगठा उठवून घेतो तेव्हा पुढच्या रांगेतली एक आजी उठून उभी राहिली आणि तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पोस्टरवर माझं नाव शोधायला बॅटरी लागली, तो भाग वेगळा. सकाळी टपरीवर एकाने विचारलंच, ‘नाटक मस्त होतं, लिवलं कोनं?’ दुसरा म्हणाला, ‘कंपनीनं.’

नाटक चाललं ही बातमी कशी कोण जाणे, पण माझ्या प्रकाशकांपर्यंत गेली. टाकीवर फोन आला. ‘सर, हे पुस्तकरूपात यायलाच हवं! दस्तऐवज आहे हा लोककलेचा! तुमचं सहकार्य म्हणून फक्त शंभर प्रती...’

मी म्हटलं, हक्क कंपनीकडे आहेत, आणि वडशाचा नंबर दिला.

तासाभरात मालकांचा फोन. ‘मास्तर, तो मानूस पंधरा मिनटं बोलला माह्यासंग. पैसे आपनच द्याचे आन् उपकार बी आपल्यावरच, असं बोलते. त्याले इचारून पाहा, पुढच्या सीझनले भावाचं काम करते का?’