प्रगतिपुस्तक आणि प्रायश्चित्त

वसईच्या कॅथलिक शाळांत वर्षाची अखेर आणि चर्चचा उपवासकाळ यांची गाठ बहुधा पडतेच. कारण ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान केव्हातरी यायचा आणि त्यापूर्वीचे, रविवार वगळून, चाळीस दिवस उपवासाचे, म्हणजे नेमके वार्षिक परीक्षेच्या हंगामातले. त्यामुळे जे प्रायश्चित्त खरे पाहता बाप्तिस्मा झालेल्यांनी घ्यावयाचे, ते बीजगणिताच्या कृपेने पाटील, शेख आणि डिसोजा या तिघांनाही धर्मभेदावाचून घडते. सत्राअखेरच्या वार्तापत्रात मात्र या तपश्चर्येचा मागमूस नसतो: तेथे प्रथम देणगीदारांची नामावळी, मग दहावीच्या शंभर टक्के निकालाचा जयघोष, आणि ज्यांच्या बहुमोल अनुपस्थितीवाचून तो निकाल लागलाच नसता, त्या नववीतच थोपविलेल्या मुलांविषयी संपूर्ण मौन. (पापनिवेदनाची सोय चर्चमध्ये असते, शाळेच्या दप्तरात नव्हे.) इमारतनिधीची पावती फाडताना दारिद्र्यव्रत घेतलेल्या धर्मभगिनींच्या मुद्रेवर जे समाधान विलसते, त्याला ऐहिक म्हणण्याचे धाडस आमच्याने होत नाही; कारण राज्यघटनेच्या 30व्या कलमाने अल्पसंख्याकांना शाळा चालविण्याचा हक्क दिलेला आहे, पालकांना हसण्याचा हक्क तेवढा 19व्यात हुडकावा लागतो.