जानेवारीतला चिलर

इमारतीतले चिलर, पंप, डॅम्पर, सेन्सर ही वातानुकूलनाची सारी यंत्रणा आराखड्यात लिहिल्याप्रमाणे चालते का, हे तपासून घेण्याला कमिशनिंग म्हणतात. हरित इमारतींच्या लीड (LEED) मानांकनात ते सक्तीचे असते. (नवाब आसफउद्दौलाने १७८४ च्या दुष्काळात बांधायला काढलेला लखनौचा बडा इमामबाडा या सोपस्काराला मुकला, त्याच्या जाड भिंतींना त्याचे काही वाटलेले दिसत नाही.) ऊर्जा संवर्धन इमारत संहिता लखनौला संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात घालते: मे महिन्यात लूच्या झळा, जानेवारीत दाट धुके. चाचणीचा मुहूर्त मात्र ठेकेदाराच्या शेवटच्या बिलावरून निघतो. तो जानेवारीत आला, की चिलरला कामच नसते. साहजिकच तो पैकीच्या पैकी गुण मिळवतो. मोसमी फेरचाचणी अहवालाच्या परिशिष्टात सुखाने नांदते. मानांकनाची पाटी दर्शनी भिंतीवर चढते.

मग मे उजाडतो. गारवा निसटू नये म्हणून ताज्या हवेचा डॅम्पर, म्हणजे झडप, तारेने आवळून बंद केला जातो, थर्मोस्टॅट १६ अंशांवर येतो आणि साहेबांच्या केबिनमध्ये स्वेटर निघतो. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर इमानाने चढता आकडा नोंदवत राहतो; तो पाहायच्या संगणकाचा पासवर्ड ठेकेदाराबरोबर गेलेला असतो.