बदली मंजूर, रुजू होणे बाकी

टक्कल पडत होतं तेव्हा कुणी काही बोललं नाही. चांगली दहा-बारा वर्षं ते सवडीनं पडत होतं आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, ऑफिसनं त्याला ती सवड दिली होती. केस लावून घेतले आणि सगळ्यांनाच घाई सुटली. "अजून काही दिसत नाही बुवा," हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोक्याला पट्टी होती.

मी मात्र घाई केली नाही. यात स्वभावाचा भाग कमी, नोकरीचा जास्त. मी जिल्हा परिषदेत आस्थापना शाखेला आहे. उभा जन्म बदल्यांच्या फायलींत गेला. पुण्याचे डॉक्टर आरसा हातात देऊन समजावू लागले, तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला माझ्या लक्षात आलं की ही भरती नव्हे, बदली आहे. नवीन पद एकही निर्माण होत नाही. डोक्याच्या मागे, या कानापासून त्या कानापर्यंतच्या पट्ट्यात जे केस सुखानं नांदताहेत, त्यांना उचलायचं आणि कपाळावरच्या अवघड क्षेत्रात पाठवायचं. मागची जागा कायमची रिकामी. एकेका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस जोडीनं असतात, म्हणजे पती-पत्नी एकत्रीकरणाची सवलत निसर्गानं आधीच लागू केलेली.

"पण इकडे आल्यावर तेही गळणार नाहीत कशावरून?" मी विचारलं. ज्या गावात कुणी टिकत नाही, तिथं नवा माणूस टिकेल यावर आमच्या शाखेत कुणाचाच विश्वास नसतो. डॉक्टर म्हणाले, मागचे केस पुरुषी संप्रेरकाला दाद देत नाहीत आणि जागा बदलली तरी मूळचा स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी हे १९५९ मध्ये मांडलं. त्याच्याही वीस वर्षं आधी, १९३९ मध्ये, जपानच्या डॉ. ओकुदांनी केस उचलून दुसरीकडे लावून दाखवले होते. पण लेख जपानी भाषेत, त्यात महायुद्ध, त्यामुळे जगाला पत्ताच नाही. फाईल एका टेबलावर अडकली की काय होतं, हे मला कुणी सांगायला नको.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत सांगण्यासारखं फार नाही. बधिर करायची इंजेक्शनं दुखतात, मग दिवसभर आधी पालथं आणि नंतर उताणं पडून राहायचं. मध्ये जेवणाची सुट्टी असते. आमच्या ऑफिसात असते तशीच, फक्त इथं सुट्टीनंतर माणसं कामावर परत येतात.

खरी करमणूक पुढे. उशांवर उशा रचून अर्धवट बसल्यासारखं झोपायचं, वाकायचं नाही, ऊन नाही, घाम नाही, हेल्मेट नाही, आणि जागेपणी डोक्यावर मिठाच्या पाण्याचा फवारा. कपाळाला आलेली सूज दोन-तीन दिवसांत खाली उतरत डोळ्यांपर्यंत आली. दूधवाल्यानं मला ओळखलं नाही, हिला बाजूला घेऊन "साहेबांना कुणी मारलं?" असं हळूच विचारलं. खपल्या दहाएक दिवसांत पडून गेल्या आणि खाली बारीक खुंट उभे. भेटायला येणारे खूश झाले. मामांनी तर फोटो काढून नातेवाइकांत फिरवला.

आणि मग ते सगळे गळले.

हे होणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. कागदावर छापलेलं होतं, खाली माझी सही होती. तरी उशीवर ते बारीक खुंट बघून आईनं पहिला प्रश्न विचारला, "पैसे सगळे देऊन बसलास का?" मी तिला समजावलं, बदली झालेला माणूस नव्या गावी हजर होतो, हजेरीपटावर सही करतो आणि दुसऱ्या दिवसापासून वैद्यकीय रजेवर जातो. मूळ आत शाबूत असतं, पण उपटून लावल्याचा धक्का त्याला बसलेला असतो. वरचा केस टाकून ते साधारण तीन महिने विश्रांती घेतं. शेजारचे मूळचे केसही कधी कधी सहानुभूतीनं रजा टाकतात. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात, मुद्देमालाची पावती हातात असताना, मी पहिल्यापेक्षा जास्त टकला होतो.

या काळात घरात माक्याचं तेल आलं, कांद्याचा रस आला. मामा सांगत आले, की कुणाचा तरी मुलगा इस्तंबूलला जाऊन आला आणि त्याचे "लगेच" आले. मामांनी बघितलेला फोटो गळण्याआधीचा होता, पण मामांशी वाद घालायला माझ्याकडे तेव्हा केसाइतकाही आधार नव्हता. केस उगवले तरी महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. चौथ्या महिन्यात लव, सहाव्यात काहीतरी, वर्षानं खरं काय ते, आणि टाळूवर लावले असतील तर दीड वर्षसुद्धा. हे गणित मी प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर सांगितलं. चहा सगळ्यांनी घेतला.

चौथ्या महिन्यात कपाळावर पुटकुळ्या आल्या आणि हिनं मोबाइलचा टॉर्च मारून जाहीर केलं, "दोन आलेत. वाकडे आहेत." नवे केस सुरुवातीला बारीक आणि कुरळे येतात, नंतर सरळ होतात. आमच्याकडेही नवीन रुजू झालेल्यांचं उलट्या क्रमानं हेच होतं.

किती येणार, हा हिशोब मात्र पहिल्याच दिवशी झाला होता. मी कॉलेजातला फोटो घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी तो बघितला आणि सौजन्यानं उपडा ठेवला. भरल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. मला मिळणार अडीच हजार ग्राफ्ट, म्हणजे पाचेक हजार केस. निम्मे केस जाईपर्यंत बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही, त्यामुळे निम्म्या दाटीवर भागतं, एवढाच काय तो दिलासा. कपाळाची रेघ त्यांनी माझ्या वयाला शोभेल अशी वर आखली. मूळचे उरलेले पुढेही गळत राहणार, म्हणून रोजचं औषध चालूच, आणि मागचा साठा पुढच्या काळासाठी राखून ठेवायचा. म्हणजे टाळूला या खेपेला काहीही नाही.

आता समोरून बघितलं तर बरा दिसतो, असं हीसुद्धा म्हणते. आमचे साहेब मात्र सहा फूट उंच आहेत आणि मी खुर्चीत असताना मागून येऊन फाईल बघायची त्यांना सवय आहे. परवा फाईल बघता बघता ते थांबले.

"इथली पदं व्यपगत झाली का हो?"

"नाही साहेब, रिक्त ठेवलीत. पुढच्या बदल्यांत प्रस्ताव टाकतोय."

"टाका," म्हणाले, आणि त्यांनी टोपी काढून स्वतःचं डोकं जरा माझ्याकडे वाकवलं. "आमचंही बघा."