कार्डभाऊ

जुन्या गेमिंग लॅपटॉपला स्वस्तात ग्राफिक्स कार्ड शोधणारा एक तरी इसम आता आसपासच्या प्रत्येक गावी सापडतो. मनमाडला आहे, येवल्याला आहे. चाळीसगावला म्हणे एकाच गल्लीत दोघे आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. पण नांदगावचा वाण वेगळा. बाकीच्यांचं बजेट खिशात ठरतं. आमच्या कार्डभाऊचं बजेट बाजार समितीच्या आवारात ठरतं, कांद्याच्या ट्रॉलीभोवती जमलेले व्यापारी जो आकडा पुकारतील त्यावर.

वय तिशीच्या अलीकडे. शिक्षण इंजिनिअरिंग, सध्या स्पर्धा परीक्षा. म्हणजे पाहुण्यांनी पुढचा प्रश्न विचारू नये अशी सोय. २०१९ च्या अखेरीस कांदा कडाडला, मुंबईत किलोने शंभरी ओलांडली, त्या सुखाच्या दिवसांत नानांनी पोराला लॅपटॉपसाठी पैसे दिले. त्यात साधा, हलका, कोरा लॅपटॉप आला असता. याने पुण्याहून कुणाचा तरी वापरलेला, चार किलोचा गेमिंग लॅपटॉप आणला. अडॅप्टर विटेएवढा. तो सुरू झाला की आजी गिरणी लागली का विचारायची. पुढे एका एप्रिलात, नांदगावच्या उन्हाने आणि धुळीने आपलं काम केलं. पडद्यावर रंगीत चौकोन नाचले, मग काळोख झाला, आणि घरात कार्डभाऊ जन्माला आला.

दुकानदार सगळे एकच सांगत: “लॅपटॉपचं कार्ड बदलत नसतं, भाऊ.” हे बहुतांशी खरं आहे. बहुतेक लॅपटॉपात ग्राफिक्सची चिप मदरबोर्डलाच कायमची डकवलेली असते. ती गेली की बोर्ड गेला. पण काही जुन्या, जाडजूड गेमिंग लॅपटॉपांत एमएक्सएम नावाच्या खाचेत वेगळं कार्ड बसवलेलं असतं, चार स्क्रू काढले की निघणारं. कार्डभाऊने मागचं झाकण उघडलं आणि त्याला ती खाच दिसली. तो त्याच्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण. त्यानंतर आठवडाभर त्याने तो उघडा लॅपटॉप त्या सगळ्या दुकानांत फिरवला. विकत काही घेतलं नाही. फक्त दाखवला.

एक मान्य करायला हवं: या माणसाची माहिती अस्सल असते. एमएक्सएममध्ये ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन आकार, ‘बी’ लांबीला मोठा. आकार जुळला तरी हीटसिंकची भोकं जुळतील याची खात्री नाही. भोकं जुळली तरी लॅपटॉपचं बायोस अनोळखी कार्डाला ओळख देईल असं नाही. आणि ओळख दिलीच, तर कार्डाची भूक अडॅप्टरच्या वॅटमध्ये भागली पाहिजे. हे सगळं तो टपरीवर न थांबता सांगतो. ऐकणारा बहुधा ट्रॅक्टरचा टायर बदलायला आलेला असतो.

नानांनी मात्र हे सारं एका प्रश्नात बसवलं. “किती क्विंटल?”

तेव्हापासून घरात कार्डाची किंमत रुपयांत बोलली जात नाही. कार्डभाऊने प्रतवारीही कांद्याच्या लिलावातूनच उचलली. २०१४ साली आलेलं जीटीएक्स ९७०एम हा नंबर एकचा माल. जुनं क्वाड्रो म्हणजे गोल्टी, चालून जाते. बाहेरून जोडायचं असेल तर डेस्कटॉपचं कार्ड, पण २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद पडल्यावर बाजारात ओतली गेली ती कार्डं म्हणजे खाद. वरून चकचकीत, आत काय ते देव जाणे. जीटी १०३० बद्दल तर तो हळू आवाजात बोलतो, कारण २०१८ मध्ये त्याच नावाने हलक्या मेमरीचा, पुष्कळ मंद असा भाऊ बाजारात आला. “नाव तेच, डाग नीट बघून घ्यावा लागतो,” असं सांगून तो ऐकणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो.

२०२३ च्या डिसेंबरात सौदा जवळजवळ झाला होता. पहाटे मनमाड गाठायचं, पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडवर ९७०एम हातात घ्यायचं, असं ठरलं. नानांनी लाल कांदा काढून ट्रॉली भरली. ८ डिसेंबरला केंद्राने निर्यात बंद केली. देशभर त्या निर्णयावर चर्चा झाली. लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. पण ९७०एमवरून क्वाड्रोवर आणि क्वाड्रोवरून ‘नुसती थर्मल पेस्ट बदलून बघू’ इथवर एका दुपारीत घसरलेला माणूस दिल्लीला कुणी कळवला नाही.

तरी तो मुंबईला गेला. काउंटरवर कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सोन्याच्या कडा मोबाइलच्या उजेडात पाहिल्या, भाव विचारला, आणि व्यापारी ऐकतो तसा तोंड न हलवता ऐकून परत ठेवलं. दुकानदार म्हणाला, “घ्यायचंय का नाही?” हा म्हणाला, “आवक वाढू द्या.”

गावात आता त्याच्या सल्ल्याला मान आहे. कुणाच्या पोराला कॉम्प्युटर घ्यायचा असला की बाप त्याच्याकडे येतो. कार्डभाऊ विचारतो, बजेट किती? मग म्हणतो, यात थोडं टाकलं तर वरचं येतं. वरच्यात थोडं टाकलं तर त्याच्या वरचं. असं करत संध्याकाळपर्यंत बाप मुलाला सायकल घेऊन मोकळा होतो.

कांद्यावरचं निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ पासून हटलं, तरी भाव उठला नाही. नाना म्हणाले, ठेवू चाळीत, पुढे चढेल. उन्हाळी कांदा चाळीत गेला. कार्डभाऊचं गणित याच्या बरोबर उलट: कांदा चढेपर्यंत कार्ड उतरेल, आणि दोन्ही रेषा जिथे भेटतील त्या दिवशी पंचवटी पकडायची. पावसाळाभर बापलेक ओट्यावर बसून आपापल्या रेषेची वाट बघत होते. चाळीतून वास यायला लागला.

त्यातच बातमी आली. एनव्हिडियाने जाहीर केलं, ९७०एमच्या पिढीला ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठी ड्रायव्हर मिळणार नाहीत. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावला असता. हा उठून थेट चाळीकडे गेला. नाना कोंब आलेले कांदे वेगळे काढत होते.

“नाना, आता त्याचा भाव पडणार!”

“मग घेऊन टाक की एकदाचं.”

“आत्ता?” कार्डभाऊ दचकला. “आत्ता तर कुठे पडायला लागलाय.”